एक ठोका दोघांना

चष्मेवाल्याला सगळ्यात आधी हेच कळेना, की वाटून दिलेली गोष्ट कमी कशी होत नाही.

"होतच नाही, बाबा," थोरला म्हणाला. "एका वायरीतून ठोका आत येतो, दोन वायरींतून बाहेर जातो. दोघांनाही अख्खाच मिळतो."

"म्हणजे अर्धा अर्धा."

"अख्खा!"

"दोघांना अख्खा? मग वरचा एक आला कुठून?"

थोरल्याने कपाळाला हात लावला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, दिवसभर अडकलेल्या लोकांना शांतपणे समजावत असतो. पण घरी आला की त्याचा सगळा संयम संपलेला असायचा. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही दुकानात बोलता तेव्हा एका गिऱ्हाइकाला ऐकू आलं म्हणून दुसऱ्याला कमी ऐकू येतं का?" हे चष्मेवाल्याला पटलं. म्हणजे पटलं असं त्याने तोंडावर दाखवलं. आत गोंधळ होता तो होताच.

बरं, हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगायला हवं. चष्मेवाल्याची बायको बसडेपोत निवेदिका होती. कुठली बस कुठे लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं पोर हरवलंय, हे सगळं माइकवरून सांगायचं तिचं काम. इतकी वर्षं सांगून सांगून तिचा आवाज असा झाला होता, की घरात 'मीठ कुठाय' म्हटलं तरी चार घरं ऐकू जायचं. डेपोतले लोक तिला लाडाने भोंगाबाई म्हणत. आता ती निवृत्त होत होती, आणि कॅन्टीनमध्ये तिचा निरोपसमारंभ होता. तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की मला भेट नको, हार नकोत, साहेबाचं भाषण तर मुळीच नको. माझ्या दोन्ही पोरांनी मिळून वाजवावं. बास.

आता एवढंसं मागणं, पण तेच अवघड होऊन बसलं होतं. थोरला आणि धाकटी दोघंही सिंथेसायझर वाजवायचे, पण तो पेटीसारखी पट्ट्यांवर बोटं ठेवून वाजवायचा प्रकार नव्हे. ह्यांचं मॉड्युलर. एक लाकडी खोकं, त्यात बटणंच बटणं, भोकंच भोकं, आणि ह्या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीत वायरी. चष्मेवाल्याने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, की पोराने कामावरून लिफ्टचा पॅनलच उचलून आणला. थोरल्याचं एक खोकं, धाकटीचं एक. दोघांनी बरोबर वाजवायचं तर दोन्ही खोक्यांना एकच ठोका मिळायला हवा, नाहीतर एक पुढे आणि एक मागे. आजवर तो ठोका थोरल्याच्या खोक्यातून धाकटीच्या खोक्यात जायचा. तो हळू झाला की ही हळू, तो थांबला की हिने थांबायचं.

"ह्यापुढे नाही," धाकटीने सांगून टाकलं होतं. "दादाच्या ठोक्यावर चालायचा मी मक्ता घेतलेला नाही."

"मग तुझ्या ठोक्यावर मी चालू?" थोरला म्हणाला. "विसर!"

झालं! मग असं ठरलं, की ठोका देणारी एक छोटी वेगळी डबी आणायची, जी ना ह्याची ना तिची, आणि तिचा ठोका दोघांना वाटून द्यायचा. वाटून देणारी डबी बाजारात तयार मिळते. पण ते ऐकल्याबरोबर चष्मेवाला म्हणाला, "विकत कशाला? मी करतो!" बायकोचा समारंभ, पोरं वाजवणार, आणि आपण काय खुर्च्या मांडायच्या? त्यालाही त्यात आपला हात हवा होता. आणि खरं सांगायचं, तर दोघं पोरं एका जागी बसतील आणि मध्ये आपण केलेली डबी असेल, ह्या कल्पनेने त्याला फार बरं वाटत होतं.

डबी म्हणून त्याने चष्म्याची पत्र्याची केस घेतली. चष्म्याच्या काचांना भोकं पाडायचं यंत्र दुकानात होतंच, त्याने तिच्या झाकणात तीन भोकं पाडली. मधलं ठोका आत यायला, डावं आणि उजवं बाहेर जायला. तीन सॉकेटं बसवली. इथवर सगळं त्याच्या रोजच्या हाताखालचं होतं. सॉकेट उलटं केलं तेव्हा मात्र तो चक्रावला. प्रत्येकाला खाली तीन पाय. एक पाय अंगाचा, म्हणजे त्या डबीच्या पत्र्याला जोडलेला, ते थोरल्याने सांगितलं होतं. पण उरलेले दोन? ठोका नक्की कुठल्या पायाने जातो?

थोरल्याला फोन केला तर तो कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात होता आणि काहीच नीट ऐकू येत नव्हतं. मग चष्मेवाल्याने स्वतःच डोकं लढवलं. मीटर काढला आणि त्याच्या दोन्ही सुया त्या दोन पायांना लावल्या. मीटर पीं करून ओरडला. म्हणजे दोन्ही पाय आतून जोडलेले! पुन्हा लावल्या, पुन्हा पीं. तिन्ही सॉकेटं तपासली, सगळीकडे पीं. "अरे, दोन्ही एकच की!" तो एकटाच मोठ्याने म्हणाला आणि खूश झाला. मग त्याने मधल्यातून आलेली वायर डाव्या सॉकेटच्या एका पायाला लावली, आणि त्याच सॉकेटच्या दुसऱ्या पायावरून पुढची वायर उजव्याला नेली. एका पायावर दोन वायरी कोंबायला नकोत. इकडून आत, तिकडून बाहेर, कसं सुबक. भिंगातून प्रत्येक सोल्डर पाहिला, कुठे गुठळी नाही, कुठे केसभर तार बाहेर नाही.

मग ठोका देणारी डबी मधल्या सॉकेटला जोडली आणि थोरल्याच्या खोक्याची एक वायर डाव्या सॉकेटमध्ये घातली. टक, टक, टक. काढली, उजव्यात घातली. टक, टक, टक. चष्मेवाल्याने डबीवर फडका फिरवला आणि ती काउंटरवर अशी ठेवली, की येणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर आधी तिच्यावर जावी.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मागच्या खोलीत तालीम ठरली. धाकटी तिच्या भाड्याच्या खोलीवरून आली, खोकं ढकलगाडीवर बांधून. दातांच्या कवळ्या बनवायच्या ठिकाणी ती काम करायची आणि तिच्या नखांत कायम गुलाबी मेण असायचं. थोरल्याने आपली वायर उजवीकडे घातली. ठोका सुरू झाला. त्याच्या खोक्यातून खोल, घुमणारा आवाज यायला लागला. धाकटीने आपली वायर डावीकडे घातली. तिचं खोकं किणकिणायला लागलं, आणि थोरल्याचं बंद पडलं.

"ए! काढलीस का माझी?"

"मी कुठे काढली? मी माझी घातली."

"मग बंद कसं पडलं?"

धाकटीने आपली वायर बाहेर काढली, आणि लगेच थोरल्याचं सुरू झालं. "बघा!" तो ओरडला. "बघितलंत ना बाबा? हिने हात काढला की चालू!" त्याने आपली वायर बदलली, दुसरी घातली. चालू. धाकटीने पुन्हा तिची घातली. बंद.

"दादा, मी हातसुद्धा लावत नाहीये तुझ्या वायरीला."

"मग काय भूत लावतंय?"

"ह्या डबीतच काहीतरी गडबड आहे."

आता मात्र चष्मेवाल्याला लागलं. "डबीत काही गडबड नाही," तो म्हणाला. "डावी बाजू तपासली मी, उजवी तपासली. दोन्ही चालतात. मीटर लावून केलंय, अंदाजपंचे नाही."

"मग बंद का पडतं?"

"ते मला काय विचारतेस? तुझा हात होता तिथे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

खोलीत फक्त धाकटीचं खोकं किणकिणत राहिलं. धाकटीने बापाकडे पाहिलं. तिने आणखी भांडावं असं चष्मेवाल्याला वाटत होतं, कारण भांडली की ती नेहमी तासाभरात निवळायची. पण ती भांडली नाही. तिने वायरी गुंडाळल्या, खोकं ढकलगाडीवर चढवलं, पट्टा आवळला.

"आईला सांगा, जमणार नाही," ती म्हणाली आणि गेली.

"जाऊ दे तिला," थोरला म्हणाला. "तिला मुळात ह्यात यायचंच नव्हतं." पण त्याचाही आवाज पडला होता, आणि थोड्या वेळाने तोही कामाचं निमित्त काढून निघून गेला.

चष्मेवाला डबी मांडीवर घेऊन बसून राहिला. थोरल्याचे हेडफोन तिथेच राहिले होते, त्यांची पिन डावीकडे घातली, टक टक. उजवीकडे घातली, टक टक. पुन्हा डावीकडे. दहादा केलं असेल, दहाही वेळा चाललं. म्हणजे डबी खरी. थोरला खोटं बोलणारा नाही, त्याचं बंद पडलेलं तर सगळ्यांनीच ऐकलं. आणि धाकटी? ती म्हणाली मी हात लावला नाही. डबी खरी, थोरला खरा, आणि धाकटीही खरी, असं तर होऊ शकत नाही ना? कुणीतरी एक खोटं असायलाच हवं. आणि त्या तिघांत, हे त्याच्या मनात आपोआप आलं, धाकटीच तशी. लहानपणापासून वात्रट.

दुपारी बायको डेपोतून थेट दुकानाच्या मागच्या खोलीत आली. तिला सगळं सांगताना चष्मेवाला दोनदा अडखळला. ती चप्पल न काढता दारातच उभी राहून ऐकत होती.

"तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

"तिचा हात."

"कुठे?"

"डबीवर."

"दादाची वायर ओढताना?"

"डबीवर होता हात, अगं."

"वायर घालायची तर हात डबीवर नाही तर काय डोक्यावर ठेवायचा?"

तिने चप्पल काढली, पाणी प्याली, आणि शेजारी येऊन बसली. उद्या पोरं येणार नाहीत हे तिला कळून चुकलं होतं. तसं ती बोलली नाही, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, आणि ती असं फक्त फार वाईट वाटलं की करायची. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला निदान ऐकू तरी द्या तो ठोका," ती म्हणाली. "एवढं महाभारत ज्याच्यावरून झालं, तो आहे तरी कसला?"

चष्मेवाल्याने थोरल्याचे हेडफोन उजवीकडे घातलेलेच होते आणि ते त्याच्याच कानाला होते. तिने पर्समधून आपले हेडफोन काढले, डेपोत जेवणाच्या सुट्टीत ऐकायचे, आणि त्यांची पिन डावीकडे खुपसली.

चष्मेवाल्याच्या कानातला ठोका बंद झाला.

"अगं, ओढू नकोस ना!"

"ओढलं कुठे? मी माझी घातली."

सकाळी हेच शब्द होते, अगदी हेच. त्याने बायकोच्या हाताकडे पाहिलं. एक हात तिच्या कानावर होता, दुसरा मांडीवर. त्याच्या पिनच्या आसपाससुद्धा काही नव्हतं.

"काढ," तो म्हणाला. तिने काढली. टक टक. "घाल." बंद. "काढ." टक टक. "घाल." बंद.

"अहो, काय चाललंय? मी काय दिव्याचं बटण आहे?"

पण तो ऐकत नव्हता. त्याने झाकण उचकटलं, डोळ्याला भिंग लावलं आणि डावं सॉकेट दिव्याखाली धरलं. मग रिकामी पिन हळूहळू आत ढकलली. सॉकेटच्या पोटात एक बारीक पत्ती होती. सॉकेट रिकामं असताना ती शेजारच्या पायाला टेकलेली असायची. पिन आत आली, पत्ती बाजूला सरली, आणि दोन पाय एकमेकांपासून सुटले. त्याने मीटर लावला. पीं नाही. पिन काढली. पीं.

दोन्ही पाय एकच होते, पण फक्त सॉकेट रिकामं असेपर्यंत. आणि उजवीकडे जाणारा ठोका त्याने नेमका त्या सुटणाऱ्या पायावरून नेला होता. एकेकट्याने आलं तर डावीकडच्यालाही मिळणार, उजवीकडच्यालाही. दोघं एकदम आले, की डावीकडच्याने नुसतं आत यायचं आणि उजवीकडच्याचा ठोका तुटायचा. तपासताना त्याच्याकडे वायर एकच होती. दोन्हीकडे एकदम घालून त्याने पाहिलंच नव्हतं.

"कोण खोटं बोलत होतं?" बायकोने विचारलं.

"कुणीच नाही," तो म्हणाला.

दुरुस्ती अगदी सोपी होती. वायर सुटणाऱ्या पायावरून काढली आणि न सुटणाऱ्या पायावर लावली, आधीच्या वायरीबरोबर. थोडं गचाळ दिसलं. दोघांनी दोन्हीकडून ऐकलं, दोघांना अख्खा ठोका आला. तो कसा आला हे चष्मेवाल्याला अजूनही कळलेलं नव्हतं, पण आला.

"जाऊन सांगतो तिला, डबी दुरुस्त झाली म्हणून," तो उठत म्हणाला.

"एवढंच?"

"मग आणखी काय?"

बायकोने डेपोतला आवाज काढला. "चष्मेवाल्यांनी कृपया लक्ष द्यावे. आपण खरे तर काय सांगायला हवे, ते आपल्याला माहीत आहे. धन्यवाद." पण ती हसत नव्हती.

धाकटीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जिना चढताना त्याने तीन-चार वाक्यं जुळवली आणि दार उघडेपर्यंत सगळी विसरला. म्हणून त्याने नुसती डबी उघडून पुढे केली. तिने ती खिडकीशी नेली, आत बोट घालून वायर पाहिली. तिला लगेच कळलं.

"आधी ह्या पायावर होती?"

"हो. मी रिकामं तपासलं गं. मला वाटलं दोन्ही एकच."

"मी म्हटलं होतं, डबीत गडबड आहे."

"म्हटलं होतंस."

तिने डबी बंद करून त्याच्या हातात दिली. "डबी चुकली ते चालतं, बाबा. कुणाचीही चुकते. पण काहीही बिघडलं, की तुम्ही आधी माझ्याच हाताकडे का बघता?"

'असं काही नाही' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सकाळचा विचार त्याला आठवला, त्या तिघांत धाकटीच तशी. असं होतं का? नेहमीच होतं का? त्याला तर वाटायचं, आपण दोघांना सारखंच बघतो. तो खूप आठवायला लागला, आणि जितकं आठवावं तितकं काहीच धड हाती लागेना.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "असेल तसं. तू म्हणतेस तर असेलच. मला खरंच कळत नाही गं." आणि त्याचे डोळे भरून आले, त्याची त्याला लाज वाटली.

धाकटीने त्याला खुर्ची दिली. स्वतः पलंगावर बसून नखातलं मेण काढत राहिली.

"दादाला सांगितलंत?"

"नाही अजून."

"इथेच आलात आधी?"

"चुकीचं तुला बोललो होतो ना."

तिने काढलेलं मेण बोटांत मळून त्याची गोळी केली. मग म्हणाली, "मी येईन उद्या. आईसाठी. पण विषय मिटला असं समजू नका."

"नाही समजत," तो म्हणाला.

थोरल्याला त्याने घरी आल्यावर सांगितलं. थोरला ऐकत गेला तसतसे त्याचे कान लाल होत गेले. "म्हणजे मी तिला भूत लावतंय का म्हणालो ते..." एवढं बोलून तो आत गेला, आणि फोनवर बराच वेळ त्याचा हळू आवाज येत होता. काय बोलला ते चष्मेवाल्याला ऐकू आलं नाही, आणि त्याने कान देऊन ऐकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीन भरून गेलं होतं. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाल्या, तिकिटाच्या खिडकीवरचे, सगळे. भोंगाबाई पुढच्या खुर्चीत बसली होती, ताठ, दोन्ही हात गच्च धरून. टेबलावर इकडे थोरल्याचं खोकं, तिकडे धाकटीचं, मध्ये चष्म्याची केस. चष्मेवाला टेबलाशीच उभा होता. थोरल्याने आपली वायर उजवीकडे घातली, म्हणजे बंद पडलीच तर पुन्हा त्याचीच पडणार. त्याचा घुमारा सुरू झाला. धाकटीने आपली पिन उचलली आणि डाव्या सॉकेटजवळ आणली.

चष्मेवाल्याला माहीत होतं, की डबी आता ठीक आहे. त्याने स्वतः सोल्डर केली होती, दोनदा ऐकली होती. तरीही त्याचे डोळे गेले ते थेट तिच्या हाताकडे. आणि त्याने मान वर केली, तेव्हा धाकटी त्याच्याकडेच पाहत होती. तिने ते पाहिलं होतं.

पिन आत गेली. किणकिण सुरू झाली, घुमारा थांबला नाही. दोन्ही आवाज एका ठोक्यावर निघाले आणि कॅन्टीनमध्ये टाळ्या पडल्या. भोंगाबाईने तोंडाला पदर लावला. पण चष्मेवाल्याला ते काहीच नीट दिसत नव्हतं. तो नुसता शरमेने जळत होता. कळूनसुद्धा, रडूनसुद्धा, आपले डोळे तिकडेच गेले.

"तिने नव्हती ओढली!" तो एकदम मोठ्याने म्हणाला.

पुढच्या रांगेतले दचकले. थोरल्याने वाजवता वाजवता वर पाहिलं.

"तिचा काही दोष नव्हता. वायर मी चुकीची जोडली होती. आणि नाव तिचं घेतलं. मी!"

"काय म्हणतायत हो?" एका कंडक्टरने शेजारच्याला विचारलं. "कुणी काय ओढलं?" शेजारचा म्हणाला, "बसच्या घंटीची दोरी असेल." कुणालाच काही कळलं नाही, सगळे एकमेकांकडे पाहायला लागले, आणि चष्मेवाला लाल चेहऱ्याने तिथेच उभा राहिला. बसायचं कुठे तेही त्याला सुचत नव्हतं.

धाकटीने वाजवणं थांबवलं नाही. तिने पायाने आपल्या शेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा इथे," ती म्हणाली. "पण हाताकडे नका बघू, तोंडाकडे बघा."

तो बसला, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.